कोपऱ्याचा रेडियस

६ जानेवारी, सोमवार

तीस वर्षं कागदावर मोल्ड काढले, प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे. बसचे डॅशबोर्ड, ट्रॅक्टरची छपरं, फवारणी यंत्रांची झाकणं. माझ्या एका बॉनेटवरून एका कोरियन इंजिनियरने हात फिरवला होता आणि मान डोलावली होती. आणि आज, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, माझ्या टेबलावर काय आलं? संडास.

हा शब्द इथे एकदाच लिहितो. यापुढे 'ती वस्तू'.

बातमी इंद्रजीतने दिली, तीही मी चहा पीत असताना. इंद्रजीत म्हणजे आमचा मालक, वय चौतीस. त्याचे वडील संपतराव यांनी हडपसरला स्वतःच्या उसाच्या शेतात शेड टाकून हा कारखाना उभा केला. ते तीन वर्षांपूर्वी गेले आणि चहाच्या वेळी काय बोलावं याची समजही सोबत घेऊन गेले.

"सर, बांधकामाच्या साइटवर ज्या बायका काम करतात ना, त्यांच्यासाठी केबिन. एक ट्रस्ट करतंय, बिल्डर लोक घेणार. भिंती, छप्पर सोपंय. खालचं फ्लोअर तेवढं एका तुकड्यात पाहिजे. बसायचं भांडं, पाय ठेवायची जागा, सगळं एकत्र. सांधा नको, सांध्यात घाण अडकते."

कप अर्धा तसाच ठेवला.

रात्री हिने विचारलं, एवढं मोठं भांडं एका तुकड्यात होतं कसं? लग्नाच्या पहिल्या वर्षी समजावलेलं पुन्हा समजावलं. प्लास्टिकची शीट भट्टीत तापवायची. ओल्या चादरीसारखी लोंबायला लागली की मोल्डवर टाकायची आणि मोल्डच्या बारीक भोकांतून खालची हवा ओढून घ्यायची. शीट मोल्डला चिकटते, गार झाली की काढायची. जिथे खोल जाते तिथे ताणते, आणि ताणते तिथे पातळ होते. कुठे किती पातळ होऊ द्यायचं एवढंच आमचं शास्त्र.

"मग तुम्हाला काय अवघड आहे?" ही म्हणाली.

अवघड कोण म्हणतंय? मला शिसारी येते.

८ जानेवारी, बुधवार

बसच्या बॅटरी ठेवायच्या ट्रेचं एक जुनं ड्रॉइंग काढलं आणि तेच मोठं केलं. भांडं ते भांडं. दुपारपर्यंत हातावेगळं झालं असतं, पण आम्रपाली मध्ये आली.

आम्रपाली माझ्या हाताखाली तीन वर्षं आहे. डिप्लोमा झालाय, रामटेकडीला राहते. मी कागदावर काढतो, ती कॉम्प्युटरवर चढवते. एप्रिलपासून तिला डिझायनर म्हणून कायम करायचं ठरलंय. शिफारस मीच केली आहे, हे नोंदवून ठेवतो, कारण इतर कुणी नोंदवणार नाही.

"सर, खालच्या कोपऱ्याचा रेडियस पंधराच ठेवलाय तुम्ही."

"हो."

"ट्रेपेक्षा खोली दुप्पट आहे. एवढ्या टोकदार कोपऱ्यात शीट एक मिलिमीटरसुद्धा जाड उरणार नाही. आणि सर, असल्या कोपऱ्यात खराटा पोचत नाही. बोटं घालून काढावं लागतं. माझी आई पंचवीस वर्षं सफाईला होती, तिच्या नखांत..."

माझा डबा उघडा होता. मी हात वर केला.

"किती पाहिजे तेवढं सांग. गोष्ट नको."

"ऐंशी."

ऐंशी मिलिमीटर गोलाईचा कोपरा म्हणजे परात! मी तिला समजावलं की वरून लाकडी ठोकळ्याने शीट आत ढकलायची, म्हणजे कोपऱ्यात माल जातो. तेवढ्यात आमचा मशीनवाला बद्रीनाथ, जो कामाशिवाय बाकी सगळं कान देऊन ऐकतो, तो म्हणाला, "साहेब, ठोकळा माल मधी नेतो. कोपऱ्यात न्हाई नेत."

"तुम्ही मशीन बघा," मी म्हटलं.

आधी लाकडी मोल्ड करून चाचणी घेऊ, असंही तिने सुचवलं. एरवी घेतोच आम्ही. पण त्यात दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढे दिवस ती वस्तू माझ्या डोळ्यांसमोर राहणार. थेट ॲल्युमिनियमचा ओतायला द्या म्हटलं. खरं तेच लिहितो: हे काम लवकरात लवकर टेबलावरून जायला हवं होतं.

१० जानेवारी, शुक्रवार

ड्रॉइंगच्या तळाशी एक चौकट असते, आरेखन कुणाचं ते लिहायची. तिथे तीस वर्षं माझं नाव आहे. ड्रॉइंग फाउंड्रीत जातं, गिऱ्हाइकाकडे जातं, फायलीत राहतं. उद्या मी नसेन तेव्हा कुणी फाईल उघडणार आणि माझं शेवटचं मोठं काम म्हणून त्याला ते दिसणार.

आम्रपालीला म्हटलं, "तुझं नाव टाक."

तिने ड्रॉइंग स्वतःकडे ओढून घेतलं. आनंद झाला असणार. मग म्हणाली, "मग कोपरा ऐंशी करू का, सर?"

"कोपरा आहे तसा राहू दे. नाव तुझं."

तरुण मुलांना अशी संधी कोण देतं हल्ली? मला माझ्या काळी नावासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं होतं.

१९ जानेवारी, रविवार

आमच्या शेजारची इमारत पाडून नवी बांधताहेत. सदाशिव पेठेत आता धूळच खायची. तिथल्या दोन कामकरी बायका आल्या होत्या, आमच्या पार्किंगमधली रखवालदाराची मोरी वापरू द्याल का म्हणून. सोसायटीच्या सभेत मी स्पष्ट नाही म्हटलं. एकदा सुरू झालं की वास कुणी सोसायचा?

घरी आल्यावर ही म्हणाली, "मग त्यांनी जायचं कुठे?"

"तो बिल्डरचा प्रश्न आहे."

"बिल्डरने तो तुमच्याच कारखान्याकडे पाठवलाय ना?"

हिला वाद घालायची फार हौस. मंडईतून आणलेली गवार मुकाट्याने निवडत बसलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोल्ड आला. आज पहिले नग काढले. दिवसभर तापलेल्या प्लास्टिकचा वास, त्यात कुणीतरी खिडकीखाली गुटखा थुंकलेला. जेवण गेलं नाही.

नग दिसायला स्वच्छ निघाला, मोल्डवरून सुटलाही अलगद. बद्रीनाथने तो उचलून ट्यूबलाइटसमोर धरला. कोपऱ्यातून उजेड दिसला.

"पांढरी शीट आहे, दिसणारच," मी म्हटलं.

त्याने नग खाली ठेवला आणि आम्रपालीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. या माणसाला शिस्त कधी लागणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

संपतरावांचा एक नियम होता. ज्याने काढलं त्याने पहिला नग स्वतः वापरायचा, मगच माल दाराबाहेर. सीट असेल तर बसायचं, मडगार्ड असेल तर त्यावर उभं राहायचं. मी ट्रॅक्टरच्या छपरावर चढून उभा राहिलेलो आहे आणि सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या आहेत.

आज सगळे जमले. ती वस्तू मधोमध, लोखंडी स्टँडवर. नवी कोरी, कुणी कधी न वापरलेली, हे मला कळत होतं. तरी पाय उठेना. बूट काढून त्यात उतरायचं, त्या पावलांच्या ठशांवर उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत खाली बसायचं! म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, अठ्ठ्याऐंशी किलोचा भार टाकू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि ड्रॉइंगवर नाव आम्रपालीचं आहे, तेव्हा नियमाप्रमाणे मान तिचाच.

आम्रपालीने चपला काढल्या, उतरली, बसली, उठली. पन्नास किलो तरी भरते की नाही कोण जाणे. काही झालं नाही.

"सर, कोपरा पायाखाली दबतोय."

"प्लास्टिक आहे. दबणारच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहितो, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको.

ट्रस्टच्या शेफालीबाई अकरा वाजता आल्या. चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, आवाज मोठा. म्हणाल्या, "आमच्या बायका डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर राबतात. पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. तेव्हा मी बघणार आणि नीट बघणार." त्यांनी स्टँडवरच्या नगात बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी चारही कोपऱ्यांत थोडं थोडं साचून राहिलं. त्या खराटा घेऊन आत उतरल्या, कोपऱ्यात जोर द्यायला टाच तिथे टेकवली, आणि कोपरा फाटला. पाय पोटरीपर्यंत खाली गेला. फाटलेली कड धारदार होती. रक्त आलं.

धावाधाव झाली. पट्टी बांधता बांधता बाईंनी विचारलं, "हे डिझाइन कुणाचं?"

इंद्रजीतने ड्रॉइंग आणलं. बाईंनी नाव मोठ्याने वाचलं. आम्रपाली पुढे झाली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती आता बोलेल. ती बोलली नाही. मी बादलीकडे बघत होतो.

"ही मुलगी या कामावर नको," बाई म्हणाल्या. इंद्रजीत बरं म्हणाला.

मी काही बोललो नाही. बोलायची ती वेळच नव्हती, रक्त पुसायचं चाललं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आम्रपालीला डिझाइनच्या टेबलावरून उठवून कडा कापायच्या विभागात पाठवलं. एप्रिलचं कायम होणं आता राहिलंच, असं ऑफिसात बोलत होते.

विचार केला. ती सत्तावीस वर्षांची आहे. कॉम्प्युटर येतो. तिला उद्या चाकणला कुणीही घेईल. मला या वयात कोण विचारणार? शिवाय कोपऱ्याचं ती बोलली होती हे खरं, पण ठामपणे नाही बोलली. ठामपणे बोलली असती तर मी ऐकलं असतं.

हे पुन्हा वाचलं. तरी खोडत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

इंद्रजीतने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"सर, त्या फ्लोअरबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

मी भट्टीच्या तापमानाबद्दल सांगितलं. शीटच्या गुणवत्तेबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "अजून काही, सर?"

एकच प्रश्न दोनदा विचारायचा! मोबाइलमधून डोकं वर काढलं तर एकदाच ऐकू येईल. अर्थात आज मोबाइल त्याच्या हातात नव्हता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चहा आला की बद्रीनाथ मला हाक मारतो, गेली बारा वर्षं. हल्ली मारत नाही. मी बाकावर जाऊन बसलो की बाकीचे उठतात. बरं आहे, पाय पसरायला जागा मिळते.

त्या वस्तूचे उरलेले नग दाराशी रचून ठेवलेत. येता-जाता दिसतात. झाका म्हटलं तर कुणी झाकत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही विचारत होती, "ती आम्रपाली कशी आहे? संक्रांतीला तिने तुमच्याबरोबर माझ्यासाठी तीळगूळ पाठवला होता."

काय झालं ते सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. हिने हातातलं काम ठेवलं.

"म्हणजे कोपरा तुमचा."

"तांत्रिकदृष्ट्या..."

"अहो, कोपरा तुमचा. मग तुम्ही सांगितलंत ना तसं?"

मी म्हटलं, बघ, भाजी लागतेय. भाजी लागत नव्हती. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता.

त्यानंतर हिने मला दिवसभर फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच म्हटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कडा कापायच्या विभागातून जावं लागलं. आम्रपाली सुरीने फवारणीच्या झाकणाची कड काढत होती. दोन बोटांना पट्ट्या. माझ्या हाताखाली इतकी सुबक रेघ काढणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि आता ती दिवसभर भंगाराच्या पट्ट्या कापते. बघून जीव विटला. कुणाचा राग आला ते सांगता येत नाही, इंद्रजीतचा आला असं त्या वेळी वाटलं.

"हातमोजे घालत जा," मी म्हटलं.

"हो सर." मग सुरी थांबवून म्हणाली, "मी शुक्रवारपर्यंत आहे इथे, सर."

पुढच्या आठवड्यात तिला दुसऱ्या शेडला पाठवणार असतील. बरं, मी म्हटलं आणि निघालो. ती आणखी काही बोलेल असं वाटून दाराशी थांबलो होतो. पण सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. रचलेल्यातला एक नग ओढून स्टँडवर ठेवला. बूट काढले. मोजेही काढले, का ते माहीत नाही. उतरलो.

गुळगुळीत, गार प्लास्टिक. आणखी काही नाही. ज्याच्या नावाने दीड महिना मला शिसारी येत होती ते एवढंच होतं. मग टाच कोपऱ्यात नेली आणि हळूच भार दिला. कट् असा आवाज झाला. तीन आकडेसुद्धा मोजून झाले नव्हते. अठ्ठ्याऐंशी किलो.

अकरा तारखेला मी उतरलो असतो तर हा आवाज तेव्हाच, सगळ्यांसमोर झाला असता. मोल्ड पुन्हा ओतला असता. कुणाच्या पायातून रक्त आलं नसतं आणि ती मुलगी आज टेबलावर असती.

फाटलेल्या फटीत पाय अडकला होता. तो सोडवायला कोपऱ्यात बोटं घालावी लागली. दोनच बोटं गेली. तसाच वाकून, अनवाणी, मी बराच वेळ बसून राहिलो. किळस आली. त्या वस्तूची नव्हे. माझी.

उद्या इंद्रजीतला सांगणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सांगणार होतो. सकाळी एक गिऱ्हाईक आलं. मग वाटलं जेवण झाल्यावर सांगू. मग वाटलं चहानंतर. साडेचारला केबिनचं दार ढकललं आणि उभ्यानेच बोलून टाकलं.

"कोपरा माझा होता. तिने ऐंशी सांगितला होता, मी पंधरा ठेवला. नाव मी टाकायला लावलं. पहिल्या नगात मी उतरलो नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही."

इंद्रजीतने पेनाचं टोपण लावलं.

"माहितीय, सर."

"काय माहितीय?"

"सगळंच. बद्रीनाथने चौदा तारखेला संध्याकाळी सांगितलं. मी तेव्हाच तुमच्याकडे येणार होतो, पण आम्रपाली म्हणाली, नका विचारू, सर स्वतः सांगतील, त्यांना दोन दिवस द्या. दोनाचे चौदा झाले. मी तरी न राहवून एकदा विचारलं."

"दोनदा," मी म्हटलं.

"हो, दोनदा." त्याने टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "आज सकाळी राजीनामा दिला तिने. जेवणाच्या सुट्टीत गेली."

"तू जाऊ दिलंस?"

"मी पण काय साधू नाही, सर. तुम्ही बाबांच्या वेळचे, तुम्हाला तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. तिला कडा कापायला बसवणं मला सोपं गेलं."

चौदा दिवस अख्खी शेड माझ्याकडे बघत होती. चहाला हाक न मारणारा बद्रीनाथ, बाकावरून उठणारे लोक, सगळे थांबले होते. आणि मी इथे बसून त्यांची शिस्त काढत होतो.

"तिला परत बोलव," मी म्हटलं.

"तुम्ही बोलवा." त्याने तिच्या घरचा नंबर लिहून दिला.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने फोन माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं, चार वाक्यं. मग फोन लावला. तिच्या आईने उचलला.

नाव सांगितल्यावर त्या माउलीचा आवाज एकदम बदलला. "अगंबाई, सर! आपण? बोला ना. आम्रपाली खाली गेलीय, येईलच इतक्यात. तुमचं नाव रोज निघतं बघा घरात. रेघ कशी ओढायची, माप कसं घ्यायचं, सगळं सरांनी शिकवलं म्हणते."

मी कागदाकडे बघितलं. पहिलं वाक्य होतं, चूक माझी होती.

"सर, एक बोलू का? पोरीकडून कोपरा चुकला म्हणे. कुण्या बाईच्या पायाला लागलं. सांगताना रडली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. तुम्ही एवढं शिकवलं आणि तिनं तुमची मान खाली घालायला लावली. मी माफी मागते तिच्या वतीनं. लहान आहे, पोटात घाला."

ही समोरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "असू द्या."